ओढणीची चुणी

१

मंडईत झुंबरबाई मला आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारायची, "ए तानूबाई, वांगं घ्यालीस का जावई शोधालीस?"

"जावई कसाबी चालतोय गं. वांगं बघूनच घ्यावं लागतंय."

दुसऱ्या बायका वांगं किडकं आहे का ते बघतात. मी पदराच्या गाठीतला कागद सोडायची आणि त्यावर काढलेल्या आकाराशी वांगं ताडून बघायची. देठ डावीकडं वळलेला पाहिजे. पोट उजवीकडं फुगलेलं पाहिजे. अशी तीन वांगी, तीन आकाराची, दर तिसऱ्या दिवशी. कधी कधी आख्खी पाटी उपसावी लागायची. झुंबरबाई शिव्या द्यायची, पण पाटी पुढं करायची.

कामच तसं होतं माझं. कोल्हापुरात चित्रं शिकवायच्या एका शाळेत मी शिपाई होते. जुनी इमारत, वरचा मजला, मोठ्या खिडक्या, शहाबादी फरशी. माझं शिक्षण चौथी. झाडायचं, पाणी भरायचं, घंटा मारायची आणि मांडणी सांभाळायची. मांडणी म्हणजे टेबलावर चार वस्तू ठेवायच्या, मागं कापड सोडायचं आणि पोरांनी पंधरा-पंधरा दिवस बसून तेच काढायचं. पितळी तांब्या, मातीचं मडकं, एक पेरू, तीन वांगी. तांब्याला पंधरा दिवसांत काही होत नाही. वांगं तिसऱ्या दिवशी सुरकुततं. म्हणून ती बदलायची.

प्रत्येक वस्तूभोवती टेबलावर खडूची रेघ मारलेली असायची. झाडताना धक्का लागला तर वस्तू परत रेघेत बसवायची. कापडाला मात्र खडू मारता येत नाही. कापड आण्णा स्वतः लावायचे. आण्णा म्हणजे आमचे सर, पन्नाशी उलटलेले, बिनलग्नाचे. लाकडी पडदीच्या खिळ्यावरनं कापड टेबलावर सोडायचे, टेबलावरनं खाली. मागं सरून बघायचे, परत काढायचे. एका चुणीपायी दुपार घालवायचे. कापड लागलं की पंखा बंद, त्या बाजूच्या खिडक्या बंद, तिकडं तोंड करून खोकायचंसुद्धा नाही.

"वस्तू चोर असतात, तानूबाई," ते म्हणायचे. "आपली पाठ फिरली की हलतात. आणि कापड तर अट्टल."

मी हसायची. दारात माझं स्टूल होतं, तोंड वर्गाकडं. मी तिथं बसून आठ-नऊ वर्षं त्या चोरांवर राखण केली. कधी काही हललेलं बघितलं नाही.

२

संघप्रिया माझी एकुलती. नवरा, केरबा, शिरोलीत फौंड्रीत. आम्ही गडमुडशिंगीचे. बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंतीला पोरीची चित्रं लावलेली, ती बघायला गल्ली यायची. कोंबडं काढलं तर वाटायचं आता दाणा टिपतंय. बारावी झाल्यावर मी आण्णांच्या पुढ्यात तिची वही टाकली आणि म्हटलं, "बघा. आणि न्हाई म्हणायचं असलं तर माझ्या तोंडावर म्हणा."

आण्णांनी सगळी वही बघितली. "उद्यापासून पाठवा," म्हणाले.

दोन वर्षांचा कोर्स. तो झाला की शाळेत चित्रकलेची बाई म्हणून लागता येतं. आमच्या घरात टेबलखुर्चीवर बसून नोकरी करणारं कुणी झालं नव्हतं. मला दुसरं काही नको होतं.

ही गोष्ट दोन हजार एक सालातल्या मार्चची. दुसऱ्या वर्षाचं शेवटचं काम लागलं होतं. ह्याचे मार्क परीक्षेत धरायचे.

तिथं बसायला लांबडं बाकडं असतं, पुढं बोर्ड टेकवायला फळी. सगळे त्याला डाँकी म्हणतात. पाय दोन्हीकडं सोडून त्यावर बसायचं. ज्यानं जिथनं चित्र सुरू केलं तिथनंच संपवायचं. डाँकी चार बोटं सरकली तरी तांब्या मडक्याआड जातो आणि आठ दिवसांचं काम मातीत. संघूनं खिडकीपाशी चांगली जागा धरली होती. दोनदा तिची डाँकी कुणीतरी कोपऱ्यात ढकलली. मी विचारलं, कुणी ढकलली? सगळी कागदात तोंड घालून बसली. पोरगी म्हणाली, "जाऊ दे की आये."

"जाऊ दे म्हणूनच आपलं सगळं गेलं," मी म्हटलं.

पोरं आपल्या डाँकीच्या पायांभोवती खडू मारायची, पण तो खडू सकाळी झाडताना मीच पुसायची. खिडक्यांना द्यायला आणलेला पांढरा ऑइलपेंट जिन्याखाली होता. मी ब्रश घेतला आणि तिच्या डाँकीच्या चारी पायांभोवती फरशीवर जाड रेघ ओढली. मग म्हटलं, "बस. जशी बसतीस तशी बस. पाय ठेव." आणि तिच्या दोन्ही चपलांभोवतीसुद्धा ओढली, म्हणजे ही जागा कुणाची हे आंधळ्यालाही कळावं. पेंट तिच्या पायाच्या अंगठ्याला लागला. ती खिदळली.

शेजारच्या डाँकीवर रूपाली बसायची, तोंडाळ पण मनानं चांगली. ती म्हणाली, "मावशी, संघूला पण मांडणीत घेतलासा काय?"

"व्हय. हात लावून बघ, हात मोडतो का न्हाई."

सगळा वर्ग हसला. मीही हसले.

३

काम लागून तिसरा दिवस, आणि पेठ वडगावला माझा थोरला भाऊ गेला. पुण्यानुमोदन करून परत यायला मला सहा दिवस लागले. बसमध्ये माझ्या डोक्यात दुःख कमी आणि वांगी जास्त. मी नाही म्हटल्यावर ती कोण बदलणार? आण्णांना मंडई कुठं आहे ते माहीत नव्हतं.

वर गेले. वर्ग सुरू व्हायचा होता. टेबलाजवळ वाकले.

वांगी माझीच होती. मी पहिल्या दिवशी आणलेली. मधल्या वांग्याला झुंबरबाईच्या नखाचा ओरखडा होता, तो मी मुद्दाम मागं फिरवून ठेवला होता. तो तिथंच होता, हिरवट-पांढरा, आत्ताच नख लागल्यासारखा. साल तकतकीत. देठाला काटे.

नऊ दिवस.

संध्याकाळी मी झुंबरबाईचा गळा धरला. "काय मारतीस गं वांग्यावर? काय औषिद?"

"आगं खुळी का काय! माझी वांगी दुपारी इकली न्हाईत तर सांच्याला गाईला घालते मी."

मी मनाला समजावलं. बंद खोली आहे, थंड असंल. बियाणं नवीन आलं असंल. माणूस चौथी शिकलेला असला तरी त्याला डोकं असतं, आणि डोक्याचं कामच असतं काहीतरी कारण काढून देणं.

पण पेरूवर एक माशी होती. सकाळी बघितली तेव्हा होती. दुपारी तिथंच. दुसऱ्या दिवशी तिथंच, पुढचे दोन पाय एकमेकांवर घासायला उचललेले. मेली म्हटलं. केरसुणीची एक काडी मोडून तिला ढकललं. मेलेली माशी हलकी असते, फुंकर मारली तरी घरंगळते. ही काडीला हटेना. काडी वाकली, माशी सरकली नाही. पंख मात्र पातळ, उजेडात निळा दिसणारा.

काडी मी खिडकीतनं टाकून दिली आणि हात धुतले. का धुतले ते मला सांगता यायचं नाही.

४

कामाचा बारावा दिवस. उन्हानं पत्रा तापलेला. आण्णा खाली ऑफिसात. रूपाली म्हणाली, "मावशी, पाया पडतो तुमच्या, दोन मिनिटं पंखा लावा. आण्णा यायच्या आत बंद करू. मरालोय आम्ही."

मी म्हटलं लावावा. लावून बघावा, असंही मनात होतं.

पंखा फिरला. बोर्डावरचे कागद फडफडले, कुणाचा खोडरबरचा भुगा उडाला, रूपालीची वेणी पाठीवर आपटायला लागली. पोरं "हाऽऽ" म्हणाली. मी कापडाकडं बघत होते. टेबलावरनं खाली सोडलेलं कापड, टोक मोकळं, फरशीपासून वीतभर वर. खाली काही लावलेलं नाही, टाचलेलं नाही. पंखा बरोबर त्याच्यावर.

एक दोरा हलला नाही.

पंखा बंद केला, घंटा मारली, पोरं चहाला गेली. मी टेबलापाशी गेले आणि आजवर केलं नव्हतं ते केलं. कापडाची एक चुणी दोन बोटांत धरली. मला वाटलं होतं दगडासारखी लागंल. तसं नव्हतं. सुती कापड, जुनं, मऊ. बोटात बरोबर आलं. ओढलं, तर येईना. मऊच्या मऊ, आणि येईना. जोर लावला. नख मोडलं.

"तानूबाई."

आण्णा दारात. मला वाटलं आता बोलतील. पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता. देवळात गाभाऱ्यापुढं उभं राहिलेल्या माणसासारखं तोंड.

"बसलं," ते हळू म्हणाले. "कापड बसलं, तानूबाई. तीस वर्षं मी पोरांना सांगतोय, दिसतं तेच काढा. काढतील कसं? वस्तू थांबतच नाहीत. ही पहिली मांडणी थांबलीय."

"थांबलीया म्हंजे? वांगं कुजत न्हाई, माशी मरत न्हाई. ह्याला थांबणं म्हंत्यात?"

"मग काय म्हणतात?"



"मोडा ही मांडणी," मी म्हटलं.

"तीन दिवस राहिलेत. मार्क धरायचे आहेत. तुमच्या मुलीचं काम बघितलंत का?"

बघितलं. तिच्या बोर्डापुढं उभी राहिले. बाकी पोरांच्या कागदावर वांग्याचं चित्र होतं. हिच्या कागदावर वांगं होतं.

५

त्या रात्री जेवताना संघूनं भाकरी मोडली आणि मला तिचा अंगठा दिसला. डाव्या हाताचा. पेन्सिलीला टोक काढताना ब्लेड लागलेलं. बारीक काप, त्यावर रक्ताचा एक थेंब, ज्वारीच्या दाण्याएवढा.

"कधी लागलं?"

"तू वडगावला गेलतीस तवा."

सहा-सात दिवस झाले होते. रक्त वाळतं, काळं पडतं, खपली धरतं. हे लालभडक. ओलं. दिव्याचा ठिपका त्यात दिसत होता. आणि गळत नव्हतं. मी पदर ओला करून पुसला. पदर बघितला तर कोरा. थेंब जागच्या जागी.

"आये, दुखत न्हाई," ती म्हणाली. "काईच न्हाई दुखत."

मग मी तिला नीट बघितली. कितीतरी दिवसांत बघितली नव्हती बहुतेक. बोलताना मधेच थांबायची, आणि थांबली की पापणीसुद्धा लवायची नाही. मग परत बोलायची, तिथनंच. तिच्या पायाच्या अंगठ्यावरचा ऑइलपेंट अजून ओला होता. फरशीवरचा कधीच वाळला होता.

गल्लीतल्या डॉक्टरकडं नेली. त्यांनी कापूस बांधला. सकाळी सोडला तर कापूस पांढरा.

केरबा म्हणाला, "परीक्षेचा ताण आसंल. सगळ्याला भूतच दिसतंय तुला."

"भूत म्हटलं का मी? भूत असतं तर झाडूनं हाणलं असतं."

सकाळी मी दारात आडवी बसले. "आजपास्नं जायाचं न्हाई. मार्क गेले तर गेले. वरीस गेलं तर गेलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. रडली असती तर बरं झालं असतं. "आये, दोन दिस ऱ्हायल्यात. नुस्ती मागच्या कापडाची, ड्रेपरीची एक चुणी ऱ्हायलीया. तूच म्हंतीस न्हवं, जाऊ दे म्हणूनच आपलं गेलं."

माझेच शब्द. ते माझ्या तोंडावर दारासारखे लागले. मी उठून बाजूला झाले. आजही रोज एकदा तरी मी मनात त्या उंबऱ्यात बसते आणि उठत नाही.

६

शेवटच्या दिवशी वर्ग भरायच्या दोन तास आधी मी वर गेले. टर्पेंटाइनची बाटली, पत्रा, नारळाची शेंडी. मी मारलेली रेघ मी काढणार होते. बाकी सगळं आण्णांचं असंल, हे मात्र माझं होतं.

ऑइलपेंट निघतो. मी गुडघ्यावर बसून दीड तास खरवडला. डाँकीच्या पायांचे चार चौकोन, चपलांचे दोन आकार. शहाबादी फरशी पुसून कोरडी केली, आडवं डोकं लावून उजेडात बघितली. रेघेचं नाव नाही. मग उठून तिची डाँकी धरली आणि ओढली.

रूपालीची डाँकी मी एका हातानं सरकवते. संघूची डाँकी, तसंच लाकूड, तसलेच चार पाय, जागची हलली नाही. पाय रोवून ओढली. खांद्यानं ढकलली. मी खाली वाकून बघितलं. पाय फरशीला चिकटलेले नव्हते. कागद सारला तर खालनं आरपार गेला.

मी आजवर कुणापुढं रडले नाही. त्या डाँकीपुढं बसून रडले. शिव्या दिल्या, हात जोडले. खिडकीतनं उजेड टेबलावर आला, वांगी चमकायला लागली.

जिन्यावर पोरांची पावलं वाजली. संघू आली. माझ्या हातातली शेंडी बघितली, फरशी बघितली. डाँकीवर बसली. जिथं मी खरवडलं होतं, बरोबर तिथं, बोटभरही इकडं नाही की तिकडं नाही, तिची पावलं पडली.

"ऊठ," मी म्हटलं. "संघू, ऊठ. चल घरला."

"एवढी एक चुणी," ती म्हणाली.

७

पेन्सिलीनं माप घेतात ते मी रोज बघायची. हात लांब करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठा पेन्सिलीवर सरकवत वस्तू मोजायची. सगळी पोरं करतात. दारातनं बघितलं की वाटायचं, दहा-बारा माणसं टेबलावर नेम धरून बसलीत.

साडेचारला घंटा मारायची होती. मी स्टुलावर. संघूनं हात लांब केला, डोळा मिटला, माप घ्यायला लागली. मी तिच्यावरनं नजर काढली नव्हती. एक मुलगी पाणी प्यायला माझ्या आडवी गेली, तेवढाच काय तो वेळ.

आण्णांनी घड्याळ बघितलं. "झालं. आता पंखा लावा, तानूबाई."

मी लावला.

कागद फडफडले. पोरं हसली, बोटं मोडली, कुणी शिट्टी घातली. रूपालीच्या केसाच्या बटा उडाल्या. संघूची पिवळी ओढणी खांद्यावरनं पाठीमागं सोडलेली होती, मोकळी, टोक फरशीपासून वीतभर वर. तिच्यावर तीन चुण्या पडलेल्या. पंखा बरोबर तिच्यावर.

मी चुण्याच बघत राहिले. वर, चेहऱ्याकडं, बघायचं धाडस होईना.

"संघू, हात खाली घे की, संपलं," रूपाली म्हणाली आणि तिनं तिच्या मनगटाला धरलं. मी रूपालीचं तोंड बघितलं. तिनं हात सोडला, मागं सरली आणि स्वतःचा तळवा आपल्या ओढणीला पुसत बसली. पुसतच राहिली.

एकेक पोर बोर्ड तिथंच टाकून, भिंतीला घासत, जिन्याकडं गेलं. आण्णा मात्र पुढं आले. तिच्या पायाशी वाकले. खिशातनं खडू काढला आणि मी सकाळी पुसलेली रेघ तिच्या चपलांभोवती परत ओढायला लागले.

मी त्यांच्या कानाखाली मारली. चष्मा टेबलाखाली गेला. तरी ते खडू घेऊन तसेच बसले होते. रडत होते.

"हलली तर काय होईल ते मला माहीत नाही, तानूबाई," ते म्हणाले. "म्हणून."

८

संध्याकाळी केरबा आला. फौंड्रीतली माणसं आणली होती, लोखंड उचलणारी. त्यांनी काय केलं आणि काय झालं नाही ते मी लिहीत नाही. केरबानं परत त्या जिन्यावर पाय ठेवला नाही. गावात सांगतो, पोरगी पुण्याला नोकरीला लागली. आण्णा कोल्हापूर सोडून गेले. रूपालीचं लग्न झालं. रस्त्यात दिसली तर दुसऱ्या बाजूनं जाते. शाळा नव्या जागेत गेली, जुन्या मजल्याला कुलूप लावलं. किल्ली कुणी मागितली नाही. माझ्याकडंच राहिली.

आठ वर्षं मी रोज सकाळी येते. खिडकी उघडते. धूळ झाडते, धूळ तेवढी बसते तिच्यावर. केसांवरची, पेन्सिलीवरची, उघड्या डोळ्याच्या कडेची, मऊ फडक्यानं. माझे केस पांढरे झाले. तिच्या अंगठ्यावरचा थेंब लाल आहे. ओढणीची चुणी मी रोज दोन बोटांत धरून बघते. मऊ आहे. येत नाही.

आणि मी वांगं आणते. दर तिसऱ्या दिवशी एक. झुंबरबाई आता थकली, विचारत नाही. ते खिडकीत ठेवते आणि कुजू देते. टेबलावरच्या तिन्हींना म्हणते, बघा, असं कुजायचं असतं. शिका. आठ वर्षं मी त्यांच्या सालीवर एक सुरकुती शोधतेय. एवढी एक सुरकुती पडली की सुटली माझी पोरगी, असं मी धरून चालले होते.

आज सकाळी मधल्या वांग्याच्या देठाशी काळा ठिपका होता.

मी वाकले. डोळे पुसून परत बघितलं. झुंबरबाईच्या नखाचा ओरखडा तपकिरी पडत होता, माझ्या डोळ्यांदेखत. आनंदानं माझ्या तोंडातनं आवाज निघाला. मग ठिपका पसरला. वांगं सुरकुतलं, बसलं, पाणी सुटलं, ते पाणी वाळलं, आणि मी एक श्वास घेऊन सोडते तोवर खडूच्या रेघेत चिमूटभर काळा भुगा उरला. तीन रेघा, तीन ठिकाणी भुगा. पेरूच्या जागी बिया. माशी कुठं गेली ते दिसलंच नाही.

आठ वर्षं, एका श्वासात.

तेव्हा मला सुचलं. एवढ्या वर्षांत एकदाही कसं सुचलं नाही. माझी पोरगी आठ वर्षं जेवलेली नाही.

मागं फरशीवर काहीतरी पडलं, टप्प. पाण्याचा थेंब पडावा तसं.

मी मंडईत भांडले, गावात भांडले, मास्तराला कानाखाली मारली. माझी मान वळली नाही. मी तोंड न फिरवता, भिंत चाचपत दाराशी आले. स्टूल दाराबाहेर ओढलं. आता मी तोंड जिन्याकडं करून बसलेय आणि हातात वही आहे म्हणून लिहितेय, कारण लिहिणं थांबलं की आतलं ऐकू येतं.

डाँकी करकरली.

पाठीमागं कापड सळसळतंय. हीच ओढणीची चुणी हलावी म्हणून मी आठ वर्षं आले. आणि पंखा मी लावलेला नाही.